वाळूची साक्ष, दप्तराची साक्ष

सेंदाईहून तोहोकू मार्गाची लोकल पकडली की थोड्याच वेळात कोकुफु-तागाजो हे लहानसं स्टेशन येतं. स्टेशनाजवळच्या बुटक्या टेकाडावर तागाजोचे अवशेष आहेत. इ. स. 724 मध्ये यामातो दरबाराने ही तटबंद कचेरी उभारली आणि जपानच्या ईशान्येकडच्या मुत्सु प्रांताचा कारभार, वसुली, लष्कर सगळं इथून हलू लागलं. आता तिथे गवताळ माळ आहे, खांबांच्या तळाचे दगड आहेत आणि तटाच्या भिंतीचा माग आहे. समुद्र इथून काही किलोमीटर लांब, मध्ये घरं, गोदामं आणि भातशेती. समुद्र कधी या गढीच्या पायथ्याशी आला असेल, ही कल्पना इथे उभं राहून पटत नाही. पण तसं लिहून ठेवलेलं आहे. 901 मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन सांदाई जित्सुरोकु’ या दरबारी इतिहासात जोगान काळाच्या अकराव्या वर्षातली, आजच्या दिनदर्शिकेनुसार 13 जुलै 869 या दिवसाची नोंद सापडते. मुत्सु प्रांतात मोठा भूकंप झाला, आकाशात प्रकाश वाहताना दिसला, माणसांना उभं राहवेना, घरं कोसळली, जमीन फाटली, गुरंढोरं उधळली, गढीचे दरवाजे, कोठारं, भिंती पडल्या. मग समुद्र मेघासारखा गर्जला आणि पाणी गढीच्या वस्तीपर्यंत आलं. होडीत चढायला किंवा डोंगर गाठायला वेळच मिळाला नाही. हजारेक माणसं बुडाली, शेती आणि मालमत्ता काही उरली नाही.

नोंद इतकी जिवंत आहे की ती खरीच असणार, असं वाटून जातं. नेमक्या अशाच नोंदीपुढे थांबून विचार करावा लागतो. हा मजकूर लिहिणारे दरबारी लेखक क्योतोत बसलेले होते. चिनी इतिहासलेखनाचे साचे त्यांच्या हाताखाली तयार होते, आणि त्या परंपरेत भूकंप-महापूर म्हणजे राजाच्या सद्गुणांबद्दल निसर्गाने दिलेला कौल. ‘हजार’ हा आकडा मोजून आलेला नाही, तो ‘पुष्कळ’ या अर्थाने आलेला असू शकतो. गढीचं नावसुद्धा नोंदीत नाही. ती गढी म्हणजे तागाजोच, ही मांडणी इतिहासकार योशिदा तोगो यांनी 1906 मध्ये केली. उलट बाजूने पाहिलं तर काही महिन्यांनी निघालेलं राजाचं फर्मानही त्याच ग्रंथात आहे. त्यात पाहणीसाठी अधिकारी पाठवल्याचा, करमाफीचा आणि दरबाराची प्रजा व स्थानिक एमिशी लोक यांच्यात भेद न करता मदत देण्याचा उल्लेख येतो. नुसत्या अलंकारासाठी कोणी महसूल सोडत नाही, म्हणून काहीतरी मोठं घडलं होतं एवढं मान्य करायला हरकत नाही. पण पाणी किती आत आलं, किती लांबीचा किनारा बुडाला, असं पुन्हा होऊ शकतं का, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर ग्रंथ देत नाही. आणि ग्रंथाची उलटतपासणी घेता येत नाही, हे त्याचं खरं दुबळेपण आहे.

तागाजो गावातच, होकोकुजी मंदिराच्या मागे, ‘सुए नो मात्सुयामा’ नावाची उंच पाइन वृक्षांची टेकडी आहे. जपानी काव्यात लाट जिला कधी ओलांडत नाही अशी टेकडी म्हणून ती शतकानुशतकं प्रेमाच्या शपथांमध्ये येत राहिली, आणि 1689 मध्ये बाशो मुद्दाम तिला भेटायला आला होता. 11 मार्च 2011 ला त्सुनामीचं पाणी गावात शिरलं, पलीकडचं ‘ओकी नो इशी’ हे तितकंच काव्यप्रसिद्ध खडकाचं तळं बुडालं, टेकडी मात्र कोरडी राहिली. तेव्हापासून अनेक जण म्हणतात, की 869 च्या लाटेची आठवणच या कवितेत साठून राहिली होती. हे मानायला मन फार उत्सुक असतं. तरीही ही साक्ष मी बाजूला ठेवतो. 2011 मध्ये टेकडी वाचली यावरून टेकडी उंच आहे एवढंच सिद्ध होतं. कवितेची प्रतिमा त्सुनामीतून आली हे सिद्ध होत नाही, कारण ही कल्पना खोटी ठरवता येईल असा काही मार्गच नाही. साक्ष सुंदर आहे म्हणून ती पुराव्यात धरली, की खऱ्या पुराव्याचाही भाव उतरतो.

खरा पुरावा टेकडीखालच्या भाताच्या शेतात आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तोहोकू विद्यापीठाचे मिनोउरा कोजी आणि ओनागावा अणुवीज केंद्रासाठी काम करणारा वीज कंपनीचा एक गट, अशा दोघांनी सेंदाईच्या मैदानात वेगवेगळं खोदकाम करून पाहिलं. पुढे या कामासाठी जपानमध्ये ‘जिओस्लायसर’ नावाचं साधन रुळलं. पोलादी पत्र्याची सपाट, उघडी पेटी जमिनीत ठोकायची, तिच्यावर झाकणाचा पत्रा ठोकायचा आणि दोन्ही मिळून वर ओढायचे, म्हणजे शेताचा उभा काप जसाच्या तसा हाती येतो. हा काप आडवा ठेवून ओल्या हाताने पुसला, की हजारो वर्षांचा हिशेब नजरेसमोर येतो. वर नांगरटीची माती, खाली काळपट, कुजक्या गवताच्या तंतूंनी भरलेला दलदलीचा चिखल. त्यात एके ठिकाणी बोटाच्या पेराएवढी पांढुरकी राखाडी रेघ. ती तोवादा ज्वालामुखीची राख, 915 मध्ये पडलेली. या रेघेच्या खाली पुन्हा थोडा काळा चिखल, आणि त्याखाली किनाऱ्यावरची स्वच्छ वाळू. ही वाळू किनाऱ्यापासून जितकं आत जावं तितकी पातळ आणि बारीक होत जाते, पण ती कित्येक किलोमीटर आतपर्यंत सापडते. राख आणि वाळू यांच्यामधला तो चिखलाचा पातळ पापुद्रा म्हणजे 46 वर्षांची दलदल. ज्वालामुखीला दरबारी ग्रंथाची काही माहिती नव्हती. तरी त्याने वाळूची तारीख अशा जागी बांधून ठेवली, की 915 च्या थोडं आधी, आणि फार आधी नव्हे, समुद्र या मैदानावर चढला होता असं म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वाळू आत आणायला त्सुनामीच कशाला हवी? जपानच्या किनाऱ्यावर दरवर्षी टायफून येतात, नद्या पूर आणतात, वारा वाळू उडवतो. याचं उत्तर वाळूतच शोधावं लागलं. नदीच्या पुराची वाळू नदीकडून आलेली असते आणि तिच्यात गोड्या पाण्यातलं जीवन सापडतं. या थरात खाऱ्या आणि मचूळ पाण्यात वाढणाऱ्या डायटम या सूक्ष्म शैवालांची काचेसारखी कवचं मिळाली. वाऱ्याची वाळू एका मापाची, चाळून घेतल्यासारखी असते. या थराने मात्र खालच्या चिखलाची ढेकळं उपटून आपल्यात मिसळून घेतली होती, म्हणजे पाणी जोरात आलं होतं. राहिलं वादळ. वादळाच्या लाटा काही सेकंदांच्या अंतराने येतात आणि किनाऱ्याच्या बांधालगत वाळू टाकून मागे फिरतात. सपाट मैदानावर तीन-चार किलोमीटर सलग चादर पसरायची तर पाण्याचा लोंढा मिनिटामागून मिनिटं आत येत राहावा लागतो. त्यातही निर्णायक वाटते ती ही गोष्ट, की असा थर वारंवार सापडत नाही. टायफून दरवर्षी येतात. वादळं जर हे काम करत असती, तर त्या काळ्या चिखलात दर दोन-चार दशकांनी वाळूची रेघ दिसली असती. प्रत्यक्षात शतकानुशतकं शांत चिखल आणि मधूनच एक वाळू असा क्रम आहे.

दुसरा आक्षेप त्याहून सूक्ष्म आहे. ग्रंथ वाचून माणूस शेतात जातो, वाळू सापडली की ग्रंथातली तारीख तिला चिकटवतो, आणि मग वाळूमुळे ग्रंथ खरा ठरला म्हणून सांगतो. हे वर्तुळ झालं. असं वर्तुळ अनेक ठिकाणी खरोखर फिरलेलं आहे, म्हणून या आक्षेपाला मान द्यायलाच हवा. माझं म्हणणं असं, की लेख आणि माती यांची गाठ पक्की मानायची ती फक्त तेव्हा, जेव्हा दोघांपैकी एकजण दुसऱ्याला खोटं पाडू शकला असता आणि तरी पाडू शकला नाही. तागाजोच्या बाबतीत ती संधी राखेने दिली. वाळू राखेच्या वर मिळाली असती, तर ती 869 ची नाही हे तिथेच संपलं असतं. शिवाय माती केवळ ग्रंथाची री ओढत नाही. त्याच कापात जोगानच्या वाळूखाली आणखी जुन्या वाळूचे थर आहेत, जपानमध्ये लिहिणं सुरू होण्याच्याही आधीचे. जोगाननंतरचाही एक थर काही ठिकाणी आहे. तो 1611 च्या केइचो त्सुनामीचा की 1454 च्या क्योतोकु काळातल्या त्सुनामीचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लिखित नोंदींत दोन उमेदवार आहेत आणि मातीत एकच थर. हे न जुळणंसुद्धा मला विश्वासाचं कारण वाटतं, कारण सोयीसाठी जुळवलेला पुरावा इतका अडचणीचा नसतो.

मिनोउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये लिहिलं, की अशी लाट या मैदानावर सुमारे 800 ते 1100 वर्षांनी येते आणि जोगानला तेवढा काळ उलटून गेला आहे. नंतरच्या वर्षांत सावाई युकी, शिशिकुरा मासानोबु, सताके केन्जी आणि इतरांनी शेकडो ठिकाणची माती काढून थराचा नकाशा केला आणि संगणकावर लाटेचं गणित मांडलं. जून 2009 मध्ये फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राच्या भूकंपसुरक्षेचा आढावा घेणाऱ्या सरकारी बैठकीत भूवैज्ञानिक ओकामुरा युकिनोबु यांनी जोगानचा प्रश्न उघडपणे उपस्थित केला, पण तो निर्णयापर्यंत गेला नाही. केंद्राच्या संरक्षणाचं गणित सुमारे 6 मीटरच्या लाटेवर उभं होतं. 11 मार्च 2011 ला तिथे 14-15 मीटर पाणी चढलं. सेंदाईच्या मैदानात समुद्र जवळजवळ 5 किलोमीटर आत आला, काही भागांत उंच बांधावरून गेलेल्या महामार्गाने अडवला म्हणून तिथेच थांबला. किनाऱ्यालगतची आराहामा प्राथमिक शाळा आज तशीच जपून ठेवली आहे. तिचा पहिला मजला उद्ध्वस्त झाला, पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं, आणि गच्चीवर चढलेली 320 माणसं वाचली. या शाळेच्या जिन्यात उभं राहिल्यावर 869 च्या नोंदीतलं ‘डोंगर गाठायला वेळ मिळाला नाही’ हे अतिशयोक्तीचं वाटत नाही. मैदानात डोंगरच नाही.

2011 ने अभ्यासकांनाही एक कठोर धडा दिला. लाट ओसरल्यावर ताजी वाळू मोजता आली आणि असं दिसलं, की जिथे पाणी साडेचार-पाच किलोमीटर आत गेलं होतं, तिथे ठळक वाळूची चादर तीनेक किलोमीटरवरच संपत होती. पुढे पाण्याने नेला तो फक्त चिखल, आणि शेतीच्या मातीत मिसळल्यावर हजार वर्षांनी तो ओळखू येणार नाही. म्हणजे 869 ची वाळू जिथे संपते तिथे पाणीही थांबलं असं धरून केलेली सगळी गणितं कमी भरली होती. जोगान भूकंपाची तीव्रता आधी 8.4 च्या आसपास मांडली गेली होती, नव्या हिशेबाने ती किमान 8.6 निघते. आता पुन्हा दरबारी नोंदीकडे पाहावं. पाणी गढीच्या वस्तीपर्यंत आलं, असं ती सांगत होती. वाळूच्या कडेवरून ज्यांनी पाण्याची हद्द ठरवली, त्यांच्यापेक्षा तो अलंकारिक लेखक वस्तुस्थितीच्या जवळ होता. ग्रंथ संशयास्पद आणि माती निर्दोष, अशी विभागणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. माती खोटं बोलत नाही हे खरं, पण ती अर्धवट बोलते.

सेंदाईहून उत्तरेला सान्रिकु किनाऱ्याने गेलं, की डोंगर समुद्राला येऊन भिडतात आणि अरुंद, खोल खाड्यांची रांग सुरू होते. मियाको शहराच्या खाडीत कुवागासाकी हे मच्छीमारांचं जुनं गाव. गेनरोकु काळाच्या बाराव्या वर्षी, 1700 च्या 27 जानेवारीच्या मध्यरात्री, इथे समुद्र अचानक चढला. 13 घरं पाण्याने नेली, त्यानंतर भडकलेल्या आगीत 20 घरं जळाली, आणि माणसं डोंगराकडे पळाली. मोरिओका जहागिरीच्या अधिकाऱ्यांनी ही हकिकत आपल्या कचेरीच्या रोजनिशीत उतरवली आणि धान्य वाटपाचीही नोंद केली. त्याच सुमाराला दक्षिणेकडे नाकामिनातोजवळ तांदळाने भरलेलं जहाज बंदरात शिरू न शकल्याने खडकावर फुटलं आणि दोन खलाशी गेले. आणखी दक्षिणेला मिहो गावच्या मुखियाने लिहिलं, की पाणी भरतीसारखं पुन्हा पुन्हा आत येत-जात राहिलं. त्याने म्हातारेकोतारे आणि मुलं देवळाकडे हलवली. भूकंप जाणवला नव्हता, म्हणून याला म्हणावं तरी काय, असा प्रश्न त्याला पडला होता. तानाबे इथे पाणी सरकारी कोठाराकडे आणि किल्ल्याच्या खंदकात गेलं. शेकडो मैल लांबीच्या किनाऱ्यावर एकमेकांना न ओळखणारे व्यापारी, सामुराई, शेतकरी एकाच रात्रीबद्दल लिहितात, आणि कुणाच्याही लिहिण्यात जमीन हललेली नाही. लाटेची तारीख, वेळ, नुकसान सगळं हाती आहे. फक्त तिचा भूकंप बेपत्ता आहे, आणि तो जवळजवळ तीनशे वर्षं बेपत्ता राहिला.

तो सापडला प्रशांत महासागराच्या दुसऱ्या काठावर, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात. कोपॅलिस नदीच्या मुखाजवळ खाजणात लाल सीडरचे राखाडी, निष्पर्ण बुंधे उभे आहेत. लोक त्याला ‘भुतांचं जंगल’ म्हणतात. सीडर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, म्हणजे झाडं असताना ही जमीन उंच होती. दक्षिणेला विलापा उपसागरात नायवायकम नदीच्या काठी, ओहोटीला पाणी उतरलं की त्याचं कारण उघड्या दरडीत दिसतं. खाली तपकिरी, मुळांनी विणलेली जुनी गवताळ जमीन, तिच्यावर वाळूचा पातळ थर, आणि लगेच भरती-ओहोटीचा राखाडी चिखल. वाळूत जुन्या गवताची पाती अजून उभी सापडतात, म्हणजे ती कुजण्याआधीच गाडली गेली. 1986 पासून ब्रायन ॲटवॉटर होडीतून आणि फावड्याने हे काठ तपासत गेले आणि 1987 मध्ये त्यांनी मांडलं, की ही जमीन हळूहळू खचली नाही, एका झटक्यात मीटर-दोन मीटर खाली गेली आणि त्याच वेळी समुद्र वाळू घेऊन चढला. तोपर्यंत अनेक तज्ज्ञ मानत होते, की उत्तर कॅलिफोर्नियापासून व्हँकुव्हर बेटापर्यंतच्या सुमारे 1000 किलोमीटरच्या पट्ट्यात समुद्रतळ बिनधक्क्याने खंडाखाली सरकतो. लिखित इतिहासात तिथे एकही मोठा भूकंप नव्हता. पण त्या किनाऱ्यावरचं लेखनच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतं. नोंद नाही म्हणजे घटना नाही, या तर्काचं पितळ इथे उघडं पडलं.

आता एका काठावर भूकंप होता पण तारीख नव्हती, दुसऱ्या काठावर तारीख होती पण भूकंप नव्हता. 1996 मध्ये सताके केन्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींची गाठ मारली. जपानमध्ये लाट मध्यरात्री पोहोचली असेल आणि समुद्र ओलांडायला तिला सुमारे दहा तास लागले असतील, तर भूकंप अमेरिकेच्या किनाऱ्यावर 26 जानेवारी 1700 च्या रात्री नऊच्या सुमाराला झाला. जपानमध्ये तेवढं पाणी चढण्यासाठी त्याची तीव्रता 9 च्या आसपास हवी. इतक्या नेमक्या विधानावर संशय घेणं हे कर्तव्यच होतं. लाट कामचात्का किंवा दक्षिण अमेरिकेतून आली नसेल कशावरून? दक्षिण अमेरिकेतून लाट जपानला पोहोचते हे मे 1960 मध्ये सर्वांनी पाहिलं. चिलीतल्या भूकंपानंतर दिवसभराने जपानमध्ये सुमारे 140 माणसं मेली. पण 1700 मध्ये पेरू आणि चिलीत स्पॅनिश कारभार होता, लिहिणारे लोक होते, आणि तिथे त्या तारखेला असा भूकंप नोंदलेला नाही. कामचात्कासारख्या उत्तरेकडच्या उगमातून आलेली लाट जपानच्या उत्तर किनाऱ्यावर जास्त आणि दक्षिणेकडे बरीच कमी दिसली असती. तिसरी शक्यता सर्वांत अवघड होती. झाडं एका मोठ्या भूकंपाने मेली नसतील, काही वर्षांच्या अंतराने झालेल्या लहान भूकंपांनी किनारा तुकड्या-तुकड्याने खचला असेल, आणि जपानची लाट त्यांपैकी कशाशीही संबंधित नसेल. रेडिओकार्बनला इतका बारीक फरक कळत नाही.

म्हणून संशोधक पुन्हा झाडांकडे गेले. उभ्या बुंध्यांची बाहेरची कडी ऊन-पावसाने झिजलेली असल्याने शेवटचं वर्ष वाचता येत नव्हतं. मुळं मात्र चिखलात बंद होती, सालीसकट शाबूत. डेव्हिड यामागुची आणि ॲटवॉटर यांच्या गटाने ती खणून काढली, कडी मोजली, जवळच्या जिवंत जुन्या सीडरच्या कड्यांशी ताडून पाहिली. शेवटचं पूर्ण कडं 1699 चं होतं. 1700 च्या वसंतात झाडाने वाढायला सुरुवातही केली नव्हती. 1997 मध्ये हे प्रसिद्ध झालं. शेवटचं कडं 1697 चं किंवा 1702 चं निघालं असतं, तर कुवागासाकीच्या कारकुनाची नोंद पुन्हा अनाथ झाली असती आणि एक सुंदर कल्पना रद्दीत गेली असती. लेखाने मातीला एक तारीख सांगितली, मातीला ती नाकारण्याची पूर्ण मोकळीक होती, आणि मातीने ती मान्य केली. इतक्या कसोटीला उतरलेली गाठ मला प्राचीन आपत्तींच्या अभ्यासात दुसरी माहीत नाही. आणि याच उजेडात व्हँकुव्हर बेटावरच्या हु-आय-आह्त लोकांची परंपरागत कथा ऐकावी लागते. थंडीच्या रात्री जमीन हलली आणि पाचेना उपसागरकाठची वस्ती समुद्राने नेली, असं ते सांगत आले होते. थंडी आणि रात्र, दोन्ही बरोबर. सुए नो मात्सुयामाच्या कवितेला मी जो मान दिला नाही तो या कथेला देतो, कारण ही ऋतू आणि प्रहर सांगते, आणि ते चुकूही शकले असते.

आता आपला किनारा. सप्टेंबर 1524 मध्ये वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत असताना दाभोळसमोर त्याच्या ताफ्याला समुद्र हादरताना जाणवला. वारा नव्हता तरी जहाजं थरथरू लागली, खडकाला लागलो असं समजून खलाशी घाबरले. पोर्तुगीज बखरकारांनी हा प्रसंग गामाच्या धैर्याची गोष्ट म्हणून रंगवला, आणि तेवढ्यापुरती त्यांच्याबद्दल सावधगिरी बाळगायला हवी. पण वारा नसताना जहाज नुसतं थरथरतं हे वर्णन समुद्राखालच्या भूकंपाला नेमकं लागू पडतं. दाभोळच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात केळशीला खाडीच्या मुखाशी वाळूची उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिच्यात माणसाच्या वापराच्या खुणा, खापरं आणि नाणी सापडल्याचं मांडलं आणि ती त्सुनामीने रचली असावी असं म्हटलं. 2020 मध्ये सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी केळशीच्या थरांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि 1524 च्या त्सुनामीला कोकणची ‘अनाथ त्सुनामी’, म्हणजे उगम न सापडलेली त्सुनामी, म्हटलं. उगम म्हणून नजर मकरानच्या किनाऱ्याकडे जाते. तिथला नोव्हेंबर 1945 चा 8.1 तीव्रतेचा भूकंप मुंबईपर्यंत सुमारे 2 मीटरची लाट घेऊन आला होता आणि इथेही माणसं दगावली होती. अरबी समुद्रातून त्सुनामी येत नाही, असं समजणाऱ्यांनी ते वर्ष तरी विसरू नये.

तरीही वर सांगितलेली कसोटी इथे लावली, तर गाठ अजून सैल आहे. टेकडीचा मोठा भाग वाऱ्याने उभा केलेला असू शकतो, कोकणात तशा टेकड्या आहेत. त्यामुळे सगळा भर टेकडीच्या उंचीवर देण्यापेक्षा तिच्यातल्या समुद्री शिंपल्यांच्या थरावर द्यायला हवा. आपल्याकडे चक्रीवादळंही आहेत, आणि वादळाला भूकंप समजण्याची चूक आपल्या यादीत आधीच झालेली दिसते. 1883 मध्ये छापलेल्या ओल्डहॅमच्या भूकंपयादीत मे 1618 मध्ये मुंबई-वसईकडे 2,000 माणसं आणि 60 जहाजं गेल्याची नोंद आहे. मे महिना, वारा आणि बुडालेली जहाजं पाहता ते चक्रीवादळच असावं असं आता बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. 1524 ला मात्र वारा नव्हता, हीच त्या नोंदीची ताकद. पुढचं काम स्पष्ट आहे. केळशीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, बाणकोटपासून जयगडपर्यंतच्या खाड्यांमधल्या ज्या खाजणांवर अजून बांध किंवा कोळंबीचे तलाव झालेले नाहीत, तिथे मातीचे काप काढावे लागतील. त्यांत एकाच काळाचा, आत जाताना पातळ होणारा, समुद्री कवचांचा थर मिळतो का ते पाहावं लागेल. पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनच्या दप्तरांत, इराण-ओमानच्या बंदरांच्या हकिकतींत त्या सप्टेंबरचा शोध घ्यावा लागेल. सलग खाड्यांमध्ये थर एकाच तारखेचा निघाला तर 1524 ची लाट कोकणच्या इतिहासात पक्की बसेल आणि बंदरांच्या, अणुकेंद्रांच्या आराखड्यांत तिचा आकडा धरावा लागेल. केळशीतच मिळाला आणि इतरत्र नाही, तर ते एखादं वादळ होतं असं लिहावं लागेल. तोवर केळशीच्या टेकडीची वाळू बांधकामासाठी उचलली जाऊ नये, कारण तो निकाल तिच्या थरांवरही अवलंबून आहे.